काळं तांबं

आमच्या मल्लम्माक्काला एकच व्यसन व्हतं, घासायचं. तंबाखू न्हाई, मिसरी न्हाई, चहासुद्धा अर्धा कप. पण काळं पडलेलं भांडं दिसलं की बाईचे हात शिवशिवायला लागायचे. ती माझी थोरली जाऊ. मी नवी नवरी म्हणून चौसाळ्याच्या ह्या घरात आले, तर पहिल्याच आठवड्यात तिनं मी घासलेली सगळी भांडी परत मोरीत टाकली आन् म्हणाली, "कावेरी, तुझ्या माहेरी राख मिळत न्हाई का गं?" मी तवाच ओळखलं, ह्या बाईशी आपलं जमायचं न्हाई आन् तिच्याबिगर निभायचंबी न्हाई. दोन्ही खरं झालं.

तिचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर कल्याणराव, लवकर गेले. मागं लेकरूबाळ न्हाई. हायवेवरचं आमचं किराणा दुकान माझे मालक संगमेश बघायला लागले. अक्काला घरात कुणी वावगा शब्द बोललं न्हाई, पण तिच्या डोक्यात किडा शिरला, आपण धाकट्या दिराच्या ताटात जेवतो. मी लई समजावलं. मी तोंडाची फाटकी, ती भांडी-धुणं सोडलं तर तोंडाची मुकी. मी बोलून मोकळी व्हायची आन् ती करून मोकळी व्हायची. एक दिवस तिनं कपाळाला विभूती लावली, पदर खोचला आन् गेली मोहनरावाच्या कारखान्यात झाडलोट आन् चहापाण्याच्या कामाला. लिंगायत दुकानदाराच्या घरची सून, आन् दुसऱ्याच्या कारखान्यात खराटा मारती! मी आठवडाभर अबोला धरला. तिला त्याचा पत्तासुद्धा लागला न्हाई.

मोहनराव म्हणजे आमच्या भागातला मोठा शेतकरी, राजकारणात ऊठबस असलेला माणूस. नव्वदनंतर जिकडंतिकडं नवे धंदे निघाले, तसा ह्यानंबी गावाच्या शिवेवर पत्र्याचा कारखाना टाकला. तिथं पुड्या छापायच्या. आधी आमच्या दुकानात तेल सुटं, चहा सुटा, सुपारी सुटी. आता बघावं तिकडं रंगीत पुडी. शाम्पूची पुडी, गुटख्याची पुडी, दारात तोरण बांधल्यावाणी माळाच्या माळा लोंबत असायच्या. त्या पुडीचं प्लॅस्टिक इथं छापलं जायचं. छपाईच्या शाईत एक पातळ औषध असतं, शाई वाळताना ते हवेत उडतं, आन् त्याचा वास काय सांगू बाई, नखपालिशची बाटली नाकात उपडी केल्यावाणी. कारखान्याच्या खालच्या अंगाला शाळा. पोरं वर्गात डोकं धरून बसायला लागली. गावानं तक्रार केली, तपासणीवाले आले, मोहनरावाला दम भरला, आन् मग पुण्याहून एक लोखंडी पेटी आली.

पेटी म्हणजे चांगली कपाटाएवढी. कारखान्यातली सगळी वाफ नळानं त्या पेटीत जायची, तिथं हिटरनं तापायची आन् मग जाळीच्या ट्रेमधनं पुढं निघायची. ट्रेमध्ये हरभऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या भरलेल्या. पेटी बसवायला आलेला इंजिनेर चांगला माणूस व्हता. अक्काच्या हातचा चहा पीत पीत त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं. नुसत्या आगीनं हा वास जाळायचा म्हणलं तर भट्टी लालबुंद करावी लागते, ते परवडत न्हाई. पण ह्या गोळ्यांवर तांब्याचा पातळ थर हाय. त्याला लागून गेली की वाफ थोडक्या उष्णतेतबी तुटते, जळून जाते, आन् धुराड्यातनं निघते ती पाण्याची वाफ आन् आपण श्वास सोडतो तसली हवा. तांबं मात्र खर्च व्हत न्हाई, जागच्या जागी राहतं. सगळ्यांनी माना हलवल्या. अक्काच्या ध्यानात एकच शब्द राहिला, तांबं.

पेटी चालू झाली आन् वास गेला. खरंच गेला. शाळेतल्या बाई कारखान्यात पेढे देऊन गेल्या.

पेटी सांभाळायला अंगदला ठिवलं. अंगद शिरूर कासारकडचा. त्याचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे, ह्याचा जन्मच उसाच्या फडात, पाचटावर झालेला. बाप, चुलते, भाऊ, सगळे फडातले. हा एकटाच आयटीआय शिकला आन् बायकोला घेऊन इकडं आला. लग्नाच्या वेळी त्यानं वैष्णवीला एक शब्द दिलता, तुला फडात नेणार न्हाई. कारखान्यामागच्या खोलीत दोघं राहायचे. वैष्णवीला दिवस गेलते. अक्का त्या दोघांत अशी रमली की मला मनातल्या मनात जळायला व्हायचं. घरातनं धपाटी न्यायची, लोणचं न्यायची, दुपारी तिच्या डोक्याला तेल लावून यायची. अंगद तिला मावशी म्हणायचा. अक्का घरी येऊन एकच गोष्ट सांगायची, "कावेरी, त्या पोराची नोकरी टिकली ना, तर त्यांच्या घरातलं लेकरू पहिल्यांदा घरात जन्मंल बघ."

दसरा आला. खंडेनवमीला मशिनींची पूजा, म्हणून आदल्या दिवशी कारखाना बंद ठिवून सगळं पुसायचं ठरलं. आता इथनं पुढचं मला मागनं कळलं, पण सांगते ओळीनं. अंगदनं पेटी थंड करून ट्रे बाहेर काढले. इंजिनेर सांगून गेलता, मधनंमधनं गोळ्यांवरची धूळ हवेनं उडवायची, बस. त्यानं हवा मारली. तेवढ्यात वैष्णवीला बीडला दवाखान्यात न्यायची वेळ झाली, एष्टी चुकली असती. जाताजाता म्हणाला, "मावशी, हे असंच ऱ्हाऊ द्या. ह्याला पाणी लावू नगा. मी आल्यावर आत ठिवतो."

ऐकलं तिनं. ऐकलं न्हाई असं न्हाई. पण समोर तांबं, ते काळंकुट्ट, आन् उद्या पूजा! बाईच्या मनात आलं, पोरांना काय कळतंय भांड्यातलं. देवापुढं काळं तांबं ठिवतं का कुणी? तिनं चहाच्या मोठ्या पातेल्यात चिंच कोळली, मूठभर मीठ टाकलं, उकळी आणली आन् गोळ्या त्यात भिजत घातल्या. मग गहू धुतात तशा दोन्ही हातांनी चोळल्या. पाणी हिरवं झालं. तिला वाटलं, बाई गं, किती किटण बसलंतं!

दुसऱ्या पाण्यात गोळ्या पांढऱ्या निघाल्या. लाल न्हाई, पांढऱ्या. तिनं एक गोळी उन्हाकडं धरून बघितली. घरातलं घंगाळ चिंचेनं घासलं की लालभडक निघतं, मग हे पांढरं कसं? पण तोवर हिरवं पाणी नालीतनं वाहून गेलतं. तिनं गोळ्या धोतराच्या फडक्यावर उन्हात वाळवल्या, ट्रे भरले आन् आत सरकवले. अंगद बीडहून दमून आला तर म्हणाली, "ठिवले मी आत." तो म्हणाला, "बरं केलं मावशी," आन् त्यानं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पेटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला.

दसरा झाला, मशिनी सुरू झाल्या, आन् वास परत आला. दिवाळीच्या मालाची घाई, मशिनीला दम न्हाई, त्यामुळं आधीपेक्षा जास्तच. शाळेतल्या पोरी वांत्या करायला लागल्या. वैष्णवी तर वाऱ्याच्या तोंडावर. तिनं खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या तरी दिवसभर डोकं धरून पडून राहायची. अक्का लिंबू घेऊन जायची, तिचं कपाळ धरून बसायची. अंगद दारात उकिडवा बसून म्हणायचा, "मावशी, हिटर ठीक, वायरी ठीक, नळ ठीक. मला समजंना काय बिघडलंय. पेटी उघडू म्हणतो तर मालक मशीन थांबवू देईनात." अक्काच्या हाताखाली त्या पोरीचं कपाळ तापलेलं, आन् ओठावर आलेलं ती गिळायची. आज सांगू, उद्या सांगू, असं करत ती घरी यायची आन् ताटावरनं तशीच उठायची. मी विचारलं तर म्हणायची, "भूक न्हाई." मला वाटलं, धरला असंल एखादा उपास, हिला काय नवं हाय?

शेवटी तपासणीवाल्यांची गाडी परत आली, आन् मोहनरावानं पुण्याच्या इंजिनेरला बोलावून घेतलं. पेटी थंड केली, ट्रे ओढला. अक्का तिथंच कपबशा घेऊन उभी. इंजिनेरनं मूठभर गोळ्या हातात घेतल्या आन् बघतच राहिला.

"ह्या धुतल्या कुणी?"

त्यानं एक गोळी मोहनरावापुढं धरली.

"अहो, तो काळा थर हेच तर सगळं होतं. तांबं काळं असतं तेव्हाच ते हे काम करतं. आता हे नुसते खडे राहिले. वास ह्यांच्यामधून जातो तसाच बाहेर पडतो."

मोहनराव अंगदकडं वळला. "कुणी धुतल्या बे?"

अंगदनं गोळ्यांकडं बघितलं, मग अक्काकडं बघितलं. त्याला सगळं उमगलं, आन् त्याला उमगलं हे अक्कालाबी उमगलं. तो नुसता तिच्याकडं बघत उभा राहिला, तिची वाट बघत. आन् आमची ही बाई, जिनं मला राखेवरनं, धुण्यावरनं, मिठावरनं उभ्या जन्मात सोडलं न्हाई, ती तिथं मुकी झाली. कपबशा गोळा केल्या आन् आत निघून गेली. मागनं मोहनरावाचा आवाज आला, "गप उभा ऱ्हायलास म्हणजे तूच. उद्यापासनं येऊ नगंस."

मला कळलं ते अंगदची खोली रिकामी झाल्यावर. दुपारी आमी दोघी जेवायला बसलो. तिनं भाकरी मोडली, तुकडा तसाच हातात धरला आन् म्हणाली, "कावेरी, माज्या हातनं पाप झालं गं." मग चिंचेपासनं कपबशांपर्यंत सगळं सांगितलं. रडली न्हाई. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. "ते पोरगं माज्यासाठी थांबलं व्हतं गं. माझी जीभच उचलंना. वाटलं, ही नोकरी गेली की परत तुमच्या ताटात. एवढ्यासाठी, कावेरी. एवढ्यासाठी मी त्याला परत उसाच्या फडात, कोयत्याला धाडलं. पोटुशी बाई हाय त्याच्यासंगं."

माझं डोकंच फिरलं. "आमच्या ताटात काय विष कालवलंय का?" मी ओरडले. "आन् सांगून वर बसलाय काय? उठा आदी!"

मोहनराव ऑफिसात फोनवर बोलत व्हता. अक्कानं चपला बाहेर काढल्या, पदर सावरला आन् उभ्याउभ्याच सांगितलं, "गोळ्या मी धुतल्या. अंगद बीडला गेलता. पाणी लावू नगा म्हणून तो सांगून गेलता, तरी मी धुतल्या. त्याला परत घ्या." मोहनरावानं सगळं ऐकून घेतलं. चिडला न्हाई, तेच वाईट. म्हणाला, "बाई, झालं ते झालं. नव्या गोळ्यांसंगं पुण्याहून माणूस आलाय, त्याला ठिवलंय मी. आन् मशिनीची जिम्मेदारी अंगदची व्हती, त्यानं ती तुमच्या हवाली केलीच कावून? जावा, चहाचं बघा."

"मग मला काढा," अक्का म्हणाली.

"तुमाला काढून मला काय भेटतंय?" असं म्हणून तो परत फोनकडं वळला.

बाहेर येऊन ती पायरीवरच बसली. "एक शिवीसुद्धा दिली न्हाई गं मला," म्हणाली. चार माणसांत कुणी फाडफाड बोललं असतं तर तिच्या छातीवरचा दगड जरा तरी हलला असता. मी बोलायला कमी केलं न्हाई, पण माझं बोलणं काय, ती रोजच ऐकते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगदला त्याच्या गावाकडं गाठायला आमी बीडवरनं शिरूर कासारची एष्टी धरली. माझे मालक म्हणले, "दिवाळी तोंडावर आली, आन् तुमी दोघी कुठं?" मी म्हणले, "येऊन सांगते." रस्ताभर अक्का खिडकीबाहेर बघत व्हती. मधीच म्हणाली, "गेले असतील का गं?" मी म्हणले, "गेले असतील तर फडापर्यंत जाऊ. गप बसा."

गेले नव्हते. शाळेपुढच्या मैदानात ट्रक उभे, आन् घरंच्या घरं त्यात चढायला लागलेली. घागरी, चुली, कोंबड्यांची खुराडी, शेळ्या, लेकरं. अंगद एका ट्रकाला दोरी आवळत व्हता. वैष्णवी खाली बोचक्यावर बसलेली, नवऱ्याकडं पाठ करून. तिचं पोट आता लुगड्यातनं कळायला लागलंतं.

अक्का सरळ अंगदपुढं जाऊन उभी राहिली. "गोळ्या मी धुतल्या, हे मी मोहनरावाला सांगितलं."

"मला ठावं हाय कुणी धुतल्या," तो म्हणाला, आन् गाठ मारत राहिला.

"मग तूच कावून न्हाई सांगितलंस रं?"

"मी सांगितलं असतं तर लोक म्हणले असते, म्हातारीवर ढकलतोय. तुमी सांगायला पायजे व्हतं, मावशी. मी थांबलो व्हतो."

वैष्णवीनं मान वर केली. तिला ह्यातलं काही ठावं नव्हतं. नवऱ्याच्याच हातनं मशीन बिघडली असं धरून ती खोली सोडल्यापासनं त्याच्याशी धड बोलत नव्हती. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा अक्काकडं, आन् दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यापेक्षा तिनं अक्काच्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. अक्का बहुतेक त्यासाठीच वाकून उभी व्हती.

"हिला माज्याकडं ठिव," अक्का म्हणाली. "बाळंतपण मी करते. हिला फडात नगं नेऊ."

अंगद हसला, पण ते हसणं बघवंना. एकट्यानं जायला मिळत असतं तर त्यानं हिला नेलं असतं का? आमच्या भागात कोयता म्हणजे नुसतं हत्यार न्हाई. कोयता म्हणजे जोडी. नवऱ्यानं ऊस तोडायचा, बायकोनं मोळी बांधायची, दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आन् अर्ध्याला कुणी नेत न्हाई. गलका ऐकून टोळीचा मुकादम आला, त्यानंबी तेच सांगितलं. "एक कोयता धरलाय मी. बाई ऱ्हाणार आसंल तर तूबी उतर. दुसरी जोडी तयार हाय माज्याकडं."

"उतरून जाऊ कुठं?" अंगद म्हणाला. कुणाला विचारत व्हता कुणास ठाऊक.

अक्का मुकादमाकडं वळली. "बाई हाय ना. मी हाय. मोळी मी बांधते."

भोवतालच्या बाया हसायला लागल्या. मला हसू येईना, मी तिचा दंडच धरला. "अक्का, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? पन्नाशी उलटली! पाचटाच्या कोपीत राहणार तुमी? थंडीवाऱ्यात, भल्या पहाटं उठून मोळ्या बांधणार? लोक काय म्हणतील आपल्याला?"

"लोकांचं काय काढतीस?" ती म्हणाली. "लोकांनी धुतल्या का गोळ्या?"

इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा अशी तोडून बोलली. मुकादमानं तिचे तळहात उलटेपालटे करून बघितले, दाबून बघितले, बाजारात बैलाचे खूर बघतात तसे. "हात निबर हाईत," म्हणाला. "पण आजारी पडलीस तर मला सांगायचं न्हाई." ती म्हणाली, "न्हाई सांगणार."

वैष्णवीला आमच्या घरी न्यायला तिचं बोचकं मी उचललं. तिला उठवलं तर ती उठंना, अंगदचा हात सोडंना. तोच तिला हळू आवाजात काहीबाही सांगत राहिला, मग तिचा हात त्यानं माझ्या हातात दिला. अक्कानं माझ्याजवळ काही मागितलं न्हाई, की काही सांगितलं न्हाई. फक्त वैष्णवीच्या डोक्यावर हात ठिवायला गेली, आन् मधीच थांबली, हात मागं घेतला. मी तिला म्हणले, "ठिवा की!" तिनं ठिवला न्हाई.

ट्रक सुरू झाला. मुकादम एकेका कोयत्याचं नाव घेऊन माणसं वर चढवत व्हता. अंगदचं नाव घेतलं, अंगद वर चढला. मग मुकादमानं खाली उभ्या अक्काकडं बोट केलं. "ही कोण लागती रं तुझी?"

अंगद फळीला धरून उभा राहिला. अक्का खालनं त्याच्या तोंडाकडं बघत व्हती.

"आरं सांग की बे! आय हाय का मावशी?"

"कुणी न्हाई," अंगद म्हणाला. "चढू द्या तिला."

अक्कानं मान हलवली, चाकावर पाय दिला आन् वर चढली.